संचालकाला बैठकीच्या नोटिशीवर पाणी सोडता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी, सोयाबीन आणि तुरीचा व्यवहार. नऊ संचालक, विचारणारे त्यांपैकी एक. हंगामात बँकेला ठराव तातडीने लागतो आणि दर वेळी सात दिवसांची नोटीस काढायला वेळ नसतो. म्हणून अध्यक्षांनी सगळ्यांकडे एक पानी पत्र फिरवलं: ‘संचालक मंडळाच्या यापुढील सर्व बैठकांची सूचना मिळण्याचा माझा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे.’ सहा जणांनी सह्या केल्या. मी करू का, आणि नाही केली तर काय होईल?

सही करू नका. न केल्याने तुमचं पद जात नाही आणि कंपनीचं कामही अडत नाही. उलट त्या सहा पत्रांच्या भरवशावर अध्यक्षांनी उद्या नोटीस न काढता बैठक घेतली, तर तिथला ठराव कच्चाच राहील. त्याच ठरावावर बँक कर्ज देणार असेल, तर तो कच्चेपणा पुढे कोणाच्या गळ्यात पडेल हे वेगळं सांगायला नको.

या पत्राचा मजकूर मला ओळखीचा आहे. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांच्या फायलींतही तो सापडतो. मूळ नमुना अमेरिकेचा. तिथल्या डेलावेअर राज्याच्या कंपनी कायद्याचं कलम २२९ सांगतं की, ज्याला नोटीस मिळायला हवी त्याने ‘मला नोटीस नको’ असं बैठकीच्या आधी किंवा नंतरही लिहून दिलं, तर ते नोटीस मिळाल्यासारखंच धरायचं. माणूस बैठकीला हजर राहिला तरी त्याने नोटिशीचा हक्क सोडला असं समजायचं. मात्र ‘ही बैठक कायदेशीर बोलावलेलीच नाही’ एवढं सुरुवातीलाच सांगण्यासाठी तो आला असेल तर नाही. तिकडे ही पद्धत रुळलेली आहे आणि तिच्यात काही वावगं नाही. पण डेलावेअरचा कायदा डेलावेअरच्या कंपन्यांना. कोणीतरी इंटरनेटवरून नमुना उतरवला, त्याचं मराठी केलं, लेटरहेडवर छापलं, म्हणून तो औशात किंवा निलंग्यात लागू होत नाही.

आपल्याकडे १९५६च्या जुन्या कंपनी कायद्यात कलम २८६ होतं. भारतात असलेल्या प्रत्येक संचालकाला, आणि बाहेर असलेल्याला त्याच्या भारतातल्या नेहमीच्या पत्त्यावर, लेखी नोटीस द्यायची एवढंच ते म्हणायचं, किती दिवस आधी ते नाही. २०१३च्या कायद्याने कलम १७३(३) मध्ये किमान सात दिवस घातले. नोटीस लेखी हवी, कंपनीकडे नोंदवलेल्या पत्त्यावर हवी, आणि ती हातोहात, टपालाने किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायची. तातडीचं काम असेल तर कमी मुदतीची नोटीस चालते. पण कंपनीत स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेले बाहेरचे संचालक, असतील तर त्यांच्यापैकी किमान एक बैठकीत हजर हवा. तो नसेल तर झालेले निर्णय सगळ्या संचालकांना पाठवायचे आणि किमान एका स्वतंत्र संचालकाने मान्य केल्यावरच ते पक्के होतात. नोटीस काढणं ज्याच्या अंगावर आहे त्याने ती काढली नाही, तर त्याला २५,००० रुपये दंड. एवढ्या तपशिलात कुठेही ‘संचालकाने हक्क सोडला तर नोटिशीची गरज नाही’ असं वाक्य नाही.

ते राहून गेलं असेल असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. याच कायद्यात भागधारकांच्या सभेसाठी कलम १०१ आहे. तिथे २१ दिवसांच्या नोटिशीला फाटा देता येतो, पण त्यासाठी ९५ टक्क्यांची संमती हवी असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे संमतीने मुदत कमी करायची तर ती कशी लिहायची हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. भागधारकांसाठी त्यांनी ते लिहिलं आणि संचालकांसाठी तातडीच्या कामाची वेगळी वाट ठेवली. ती वाटही मुदत कमी करण्याची आहे. नोटीसच नको, अशी सोय दोन्हीकडे नाही.

तुमची कंपनी उत्पादक कंपनी असल्यामुळे तुम्हाला आधी लागतो तो २०२०च्या दुरुस्तीने २०१३च्या कायद्यात आलेला स्वतंत्र भाग. त्यातलं कलम ३७८व्ही तुमच्या बैठकांचं आहे. तीन महिन्यांत किमान एक बैठक, वर्षात किमान चार. प्रत्येक संचालकाला लेखी नोटीस, तीही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने किमान सात दिवस आधी काढायची. आणि तुमच्या अध्यक्षांना हवी असलेली सोय तिथेच पुढे दिलेली आहे: बैठक कमी मुदतीच्या नोटिशीवर बोलावता येते, फक्त त्याची कारणं मंडळाने लेखी नोंदवायची. खरेदी केंद्र अचानक मंजूर झालं, बारदाना उद्या उचलायचाय, बँकेच्या मॅनेजरने परवापर्यंत ठराव मागितलाय, ही सगळी कारणं चालण्यासारखी आहेत. एक दिवसाची नोटीस काढा, नऊच्या नऊ जणांना पोहोचवा, कारण प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, लिहा. काम झालं. ज्या अडचणीसाठी हे पत्र फिरवलं, तिची सोय कायद्यात आधीपासून आहे आणि तिला कोणाच्याही हक्काला हात लावावा लागत नाही.

मग अध्यक्षांना पत्र का हवं? बहुतेक वेळा त्यामागे कपट नसतं, कंटाळा असतो. नऊ गावांतून नऊ माणसं गोळा करायची, त्यातला एक पुण्याला पोराकडे गेलेला, एकाचा फोन लागत नाही. गावात दुसरी एक पद्धतही रुळलेली असते: बैठक न होताच प्रोसिडिंग बुक घेऊन शिपाई घरोघर फिरतो आणि ओसरीवर बसून सह्या घेतो. कोरम घरपोच. हे हक्क सोडल्याचं पत्र म्हणजे त्याच सवयीला कागदी झूल. म्हणून मी त्याकडे संशयाने कमी आणि काळजीने जास्त पाहतो.

आता मुख्य मुद्दा, नोटीस ही नक्की कोणाची. आपल्याकडे बहिणी वडिलोपार्जित जमिनीवरचं हक्कसोडपत्र भावाच्या नावे करून देतात. ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, पण कायद्याने ते चालतं, कारण तो हिस्सा तिचा स्वतःचा असतो. तुमच्या कंपनीतली नोटीस तशी तुमची नाही. तुमच्या पाठीमागे शे-पाचशे सभासद शेतकरी आहेत. त्यांनी तुम्हाला मंडळावर पाठवलं ते बैठकीत बसून, विषय वाचून, तुमची अक्कल वापरण्यासाठी. नोटीस तुम्हाला मिळते ती त्यांच्या वतीने. कलम १६६ मध्ये संचालकाची कर्तव्यं दिली आहेत: काळजीने, दक्षतेने, स्वतंत्र बुद्धीने काम करायचं. आपलं पद दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, दिलं तरी ते रद्दबातल, असंही तेच कलम सांगतं. ‘मला न सांगता काय ते ठरवा’ असं कायमचं लिहून देणं त्याच्या फार जवळ जातं.

इंग्रज न्यायालयांनी हा विचार फार पूर्वी केलाय. १९२० सालचा लंडनमधल्या एका महिला क्लबचा खटला आहे. कार्यकारी समितीच्या बैठकीत एका सभासद बाईंना क्लबातून काढायचा ठराव झाला. समितीतल्या एका डचेसने आपल्याला येता येणार नाही असं आधीच कळवलं होतं, म्हणून तिला बोलावणं धाडलंच नव्हतं. समितीचं म्हणणं सरळ होतं, येणारच नव्हती तर नोटीस कशाला? अपील न्यायालयाने ते मानलं नाही आणि ठराव टिकला नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. विषय कळला असता तर बाईंनी बेत बदलला असता, पत्र लिहिलं असतं, निदान बैठक पुढे ढकलायला सांगितलं असतं. न येणाऱ्या माणसाचाही शब्द असतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरचा नेहमी दाखवला जाणारा निकाल १९७३चा, परमेश्वरी प्रसाद गुप्ता विरुद्ध भारत सरकार. एका कंपनीच्या जनरल मॅनेजरला काढण्याचा ठराव मंडळाने केला, पण एका संचालकाला नोटीस गेलेली नव्हती. न्यायालयाने सांगितलं की सगळ्या संचालकांना नोटीस जाणं ठरावाच्या वैधतेसाठी अत्यावश्यक आहे, एकाला वगळलं तरी ठराव बाद. याच निकालाचा दुसरा अर्धा भाग मात्र लोक सांगत नाहीत आणि तुमच्या कामाचा तोच आहे. नंतरच्या रीतसर बैठकीत मंडळाने आधीची कृती मान्य केली होती. न्यायालयाने ती मान्यता ग्राह्य धरली आणि तिचा परिणाम मूळ तारखेपासून मोजला. म्हणजे कच्चा ठराव पक्का करता येतो, पण तो रीतसर बैठक घेऊन. मागच्या तारखेचं पत्र लिहून नव्हे.

इथे एक विरोधाभास दिसेल, तो लपवत नाही. समजा नोटीस कोणालाच गेली नाही, पण नऊच्या नऊ जण जमले, विषयावर बोलले, मत दिलं, सह्या केल्या. पुढे त्यांच्यापैकीच एक जण म्हणाला, मला नोटीस नव्हती, ठराव रद्द करा. त्याचं म्हणणं कोणी फारसं ऐकून घेणार नाही, कारण नोटिशीचा हेतू तर साधला गेला. मग हे हक्क सोडणंच नाही का? एका अर्थी आहे, पण ते त्या एका बैठकीपुरतं, विषय समोर असताना आणि स्वतः हजर राहून. तुमच्या पत्रात पुढच्या न झालेल्या बैठकांचा, न कळलेल्या विषयांचा हक्क सोडायचाय. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

यातून एक सावधगिरी निघते. नोटिशीशिवाय किंवा अपुऱ्या नोटिशीवर बैठक भरली आणि तुम्हाला ती मान्य नसेल, तर गप्प बसून चहा पिऊन सही करून येऊ नका. पहिला विषय निघण्याआधी उभं राहून सांगा की मला रीतसर नोटीस मिळालेली नाही, आणि ते प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर त्याच दिवशी ईमेल करा. कायदा दोषी अधिकारी ठरवताना, बैठकीत बसून हरकत न घेणाऱ्या संचालकालाही त्यात धरतो.

आता तुमच्या कंपनीचं गणित मांडा. उत्पादक कंपनीत कोरम एकूण संख्येच्या एक तृतीयांश, पण किमान तीन. नऊ संचालकांत तीन जण जमले की कोरम झाला. सगळ्यांनी पत्रं दिली असतील तर अध्यक्ष आणि त्यांचे दोन जवळचे लोक मंगळवारी संध्याकाळी बसून गोदाम तारण ठेवू शकतात आणि बाकीच्या सहा जणांना ते बँकेची वसुलीची नोटीस आल्यावर कळेल. तुमचे आजचे अध्यक्ष असं करणार नाहीत, मान्य. पण पत्रात ‘यापुढील सर्व बैठका’ लिहिलंय, ‘या अध्यक्षांच्या काळात’ असं नाही.

आणखी एक मेख आहे. साध्या कंपनीत कलम १६७ प्रमाणे जो संचालक सलग बारा महिन्यांतल्या मंडळाच्या एकाही बैठकीला गेला नाही, त्याचं पद आपोआप रिकामं होतं, मग त्याने रजा मागितलेली असो वा नसो. आता विचार करा: नोटीस नको म्हणून तुम्ही लिहून दिलं, बैठका तुम्हाला न कळता होत राहिल्या, वर्ष गेलं. तुमच्या सहीचं पत्रच तुमच्याविरुद्धचा पुरावा. हे कलम उत्पादक कंपनीला कितपत लागू, यावर वकील भांडू शकतील. तुम्ही त्या भांडणाचं कारण कशाला होता?

कुटुंबाच्या खासगी कंपन्यांत हे जास्त कडवट होतं. वडील, दोन भाऊ, एक जावई असे चार संचालक, गाडीच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना. भावाभावांत बिनसलं की पहिली गोष्ट बंद होते ती धाकट्याची नोटीस. मग त्याच्या माघारी नवे शेअर वाटले जातात आणि त्याचा तेहतीस टक्के हिस्सा बघता बघता दहावर येतो. तो मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जातो तेव्हा दुसरी बाजू जुनी फाईल उघडते आणि ‘याने नोटिशीचा हक्क सोडला होता’ असं सहा वर्षांपूर्वीचं पत्र काढते. ते पत्र शेवटी कदाचित टिकणारही नाही, पण तोवर निम्मी लढाई त्या कागदाभोवतीच होते. अशा कंपन्यांना माझा सल्ला असतो: भाऊ हिंजवडीत असो नाहीतर ह्यूस्टनला, कलम १७३(२) ने व्हिडिओवरून हजर राहण्याची सोय दिलीय, ती वापरा. किरकोळ विषयांना कलम १७५चा फिरता ठराव आहे, कागदपत्रांसह मसुदा सगळ्यांना पाठवायचा आणि बहुमताची मंजुरी घ्यायची. पण कर्ज काढणं, पैसे गुंतवणं, शेअर काढणं हे कलम १७९(३) प्रमाणे मंडळाच्या बैठकीतच ठरवावं लागतं, ते फिरत्या ठरावाने होत नाही. बँकेचे ठराव नेमके याच वर्गात येतात.

स्वतंत्र संचालक नसलेल्या अशा कंपनीत घाईने घेतलेल्या बैठकीचे निर्णय पक्के कधी होतात, हे सचिवीय मानक १ मध्ये, म्हणजे कंपनी सचिवांच्या संस्थेने घालून दिलेल्या बैठकांच्या नियमांत, दिलंय: एकूण संचालकांच्या बहुमताने. हजर असलेल्यांच्या नव्हे. चारपैकी दोघांनी घाईत घेतलेला निर्णय त्याने पक्का होत नाही.

नोटीस पोहोचवण्याबद्दल थोडं, कारण खरी गडबड तिथे होते. उत्पादक कंपनी नोंदवताना सल्लागाराच्या ऑफिसात बसून सगळ्या संचालकांचे ईमेल एका दुपारी तयार होतात. पासवर्ड त्या ऑफिसातल्या मुलाकडे. पुढे सगळ्या नोटिसा त्याच ईमेलवर ‘पाठवलेल्या’ असतात आणि संचालकाने तो डबा एकदाही उघडलेला नसतो. कागदोपत्री नोटीस गेली, माणसाला काहीच कळलं नाही. तुमचा नोंदवलेला ईमेल आणि पत्ता कोणता आहे ते आजच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला विचारा आणि चुकीचा असेल तर लेखी बदलून घ्या. ग्रुपवरचा व्हॉट्सॲप मेसेज आठवण म्हणून उत्तम, पण एकटा तोच पुरावा म्हणून मी धरत नाही. गावात सगळ्यात खात्रीचं म्हणजे जुनं नोटीस बुक: नोटीस चिकटवलेली, खाली प्रत्येकाची सही आणि तारीख. सहकारी सोसायट्यांत ही पद्धत आहे आणि ती कंपनीतही बिनतोड चालते. जुन्या फायलींत यूपीसीची पावती दिसते, म्हणजे टपाल टाकल्याचा दाखला. टपाल खात्याने ती सेवा २०११ मध्ये बंद केली. त्याआधीच सर्वोच्च न्यायालयाने, असे दाखले सहज मिळतात म्हणून, त्यांच्यावर विसंबायला नकार दिला होता. सचिवीय मानकाप्रमाणे नोटीस पाठवल्याचा आणि पोहोचल्याचा पुरावा बैठकीपासून किमान तीन वर्षं जपायचा असतो. दिवस मोजताना मी पाठवल्याचा आणि बैठकीचा असे दोन्ही दिवस सोडतो. स्पीड पोस्टने पाठवली असेल तर आणखी दोन दिवस धरावे लागतात.

वर्षाच्या सुरुवातीलाच चार तारखा ठरवून टाकल्या तरी प्रत्येक बैठकीची नोटीस वेगळी काढावीच लागते, हे बऱ्याच जणांना नवीन वाटतं. तरीही तारखा ठरवा. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असं काही. बँकेच्या मर्यादेचं नूतनीकरण, खरेदीच्या खेळत्या भांडवलाचा ठराव, कोणाच्या सहीने व्यवहार चालायचा ते, यांतला मोठा भाग हंगामाच्या तोंडावर न करता सप्टेंबरच्या बैठकीत आगाऊ करून ठेवता येतो. मंडळाने रकमेची कमाल मर्यादा घालून अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अधिकार दिले, तर ऑक्टोबरात सोयाबीन बाजारात येतं तेव्हा दर आठवड्याला ठराव काढावा लागत नाही. अध्यक्षांची तक्रार खरी आहे, तिच्यावरचा इलाज हा.

सहा जणांनी दिलेल्या पत्रांचं काय? ती परत मागून फाडायची गरज नाही. पुढच्या रीतसर बैठकीत ‘सदर पत्रांवर कार्यवाही करण्यात येणार नाही, सर्व संचालकांना नोटीस दिली जाईल’ एवढी नोंद घ्या. त्या पत्रांच्या आधारे आधीच काही ठरलं असेल तर ते सगळे विषय सात दिवसांच्या नोटिशीने पुन्हा मंडळापुढे आणून कायम करून घ्या, १९७३च्या निकालाचा फायदा तिथेच मिळतो. एखाद्या ठरावाची प्रत बँकेला दिलेली असेल तर कायम केल्याच्या ठरावाचीही द्या.

अध्यक्षांशी भांडू नका. तोंडी नकार दिला तर तो गावभर वेगळ्याच रंगात पोहोचतो, म्हणून चार ओळी लिहून द्या. मजकूर साधारण असा:

‘मा. अध्यक्ष, सप्रेम नमस्कार. बैठकीच्या सूचनेचा हक्क सोडण्याबाबतचे पत्र मिळाले. कलम ३७८व्ही प्रमाणे प्रत्येक संचालकाला लेखी सूचना देणे आवश्यक असल्याने मला त्यावर सही करता येत नाही. तातडीच्या कामासाठी कमी मुदतीची सूचना देऊन, कारण नोंदवून बैठक बोलावण्यास माझी हरकत नाही आणि अशा बैठकीस मी शक्यतो हजर राहीन. माझ्या सूचना पुढील पत्त्यावर, ईमेलवर आणि सोबत फोनवर द्याव्यात, ही विनंती.’

खाली तारीख घाला, दोन प्रती करा, एक देऊन दुसरीवर पोच घ्या.